इंजिनाला गोधडी

लग्नाच्या पहिल्या वर्षी आईने मला विचारलं होतं, "तुझा नवरा नेमकं जमवतो तरी काय गं?"

मी म्हटलं, "इंजिनं."

"आणि गाड्या?"

"त्या नंतर येणार आहेत."

आई त्यावर मरेपर्यंत हसली. गाड्या आल्या त्या दोन-तीनच, आणि त्याही तयार झाल्या झाल्या दुसऱ्यांच्या दारात गेल्या. इंजिनं मात्र येतच राहिली. आमच्या नेब्रास्कात पूर्वी विहिरींवर पंप चालवायला मोडक्या गाड्यांची इंजिनं बसवायचे. गाडी केव्हाच भंगारात गेलेली असायची, पण तिचं इंजिन मक्याच्या शेतात उभं राहून वर्षानुवर्षं पाणी उपसायचं. पुढे वीज आली, नवे पंप आले आणि ही इंजिनं बांधावर गवतात पडून राहिली. लोकांना ती अडगळ वाटे. लुमिरला तिथून जाताना कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटे. रविवारी चर्चमधून येताना गाडी मध्येच थांबायची, हा पठ्ठ्या चांगल्या कपड्यांत गवतात शिरायचा, आणि मी आत बसून माझ्या कर्माला बोल लावायची. संध्याकाळी ट्रॅक्टरच्या मागे एक लोखंडी धूड आमच्या कोठारात दाखल व्हायचं.

जुनी गाडी घ्यायची, तिचं वरचं सगळं नको ते काढून फेकायचं, बसकी करायची आणि पोटात भलतंच दांडगं इंजिन घालायचं. झाली हॉट रॉड! ज्याला हा नाद लागला त्याला दुसरं काही सुचत नाही. लुमिरचं म्हणणं असं, की गाडीचं खोकं कधीही मिळतं, चांगलं इंजिन मिळत नाही, तेव्हा ते आधी धरून ठेवावं. कोठारात भिंतीला लागून त्याची इंजिनं लाकडी घोड्यांवर ओळीने बसलेली असत, आणि प्रत्येकाच्या वर भिंतीवर खडूने लिहिलेलं असे, की हे कोणत्या गाडीत जायचं आहे. चौतीस सालची कूप. चाळीस सालचा पिकअप. सगळ्या गाड्या भिंतीवर, जमिनीवर एक नाही.

अगदी शेवटच्या कोपऱ्यात एक जुनं फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं, हिरवं. त्याच्या वर गाडीचं नाव नव्हतं. तिथे 'लिबी' लिहिलं होतं. लिबी म्हणजे मी. खडू पुसट झाला की लुमिर दर वर्षी ती अक्षरं पुन्हा गिरवायचा. माझ्यासाठी तो एक उघडी दोन माणसांची गाडी बांधणार होता. रोडस्टर म्हणतात तिला. रंगसुद्धा मीच निवडलेला, पिकलेल्या चेरीचा. गाडीचा पत्ता नाही, आणि रंग ठरलेला! बाजारात तुरी म्हणतात ना, तो प्रकार.

हे सगळं मी हसत हसत सांगतेय, पण गेल्या जानेवारीत माझं हसू पळालं. लुमिरला सकाळी न्याहारीच्या टेबलावर अर्धांगाचा झटका आला. बाहेर गुडघाभर बर्फ, रस्ता बुजलेला. फोन केला, पण बर्फ काढणारं यंत्र पुढे आल्याशिवाय अ‍ॅम्ब्युलन्सला येता येईना. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते आणि खिडकीतून त्या पांढऱ्या रस्त्याकडे बघत होते. तेवढा वेळ मी आयुष्यात कधी कशाकडे बघितलं नसेल. तो वाचला. उजवा हात मात्र कामातून गेला, उजवा पायही ओढत चालतो. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं: पुढचा हिवाळा या घरात नाही काढायचा. मला नवरा हवा होता, जिवंत. बाकी कोठार गेलं चुलीत.

काउंटीच्या मुख्य गावात एक छोटंसं घर बघून ठेवलं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, रस्ता रोज साफ होणारा. मुलगी डेन्व्हरहून फोनवर म्हणाली, "आई, बाबांना कसंही करून हलव." कसंही म्हणजे कसं, ते काही ती बोलली नाही. सांगणाऱ्याचं काय जातं!

इंजिनांचं काय करायचं हे आमच्या शेजारच्या ऑर्व्हलने सोडवलं. ऑर्व्हल लुमिरचा शाळेपासूनचा दोस्त, तोंडाने फटकळ, हाताने सोन्यासारखा. त्याने आसपासच्या हॉट रॉडवाल्या मंडळींना गाठलं, आणि जे इंजिन फिरतं ते घ्यायला सगळे एका पायावर तयार झाले. मला वाटलं होतं लुमिर आकांत करील. पण तो म्हणाला, "नेऊ देत. त्यांच्या हातून तरी गाड्यांत बसतील." मी आतल्या आत देवाचे आभार मानले. तेवढ्यात हे महाशय पुढे म्हणाले, "कोपऱ्यातलं तेवढं नाही. आणि लिबीची गाडी उभी राहिल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"एका हाताने बांधणार आहेस गाडी?"

"डावा आहे ना."

"लुमिर, डाव्या हाताने तुला सूप पिता येत नाही!"

"नाही येत तर नाही येत. इंजिन जागचं हलायचं नाही, आणि मीही नाही."

कपाळ बडवायचं तेवढं बाकी राहिलं. नव्या घराचा होकार मला ऑक्टोबर संपायच्या आत कळवायचा होता. रोज सकाळी उठून मी आधी आभाळाकडे बघायची, आणि मग या हट्टी म्हाताऱ्याकडे.

ऑक्टोबरात मका निघाला की आमच्याकडे इंजिनं फिरवायचा दिवस असतो. इंजिन नुसतं ठेवलं तर आतून गंजतं आणि जाम होतं. म्हणून थंडी पडायच्या आत एकेका सिलिंडरचा प्लग काढून तेल सोडायचं, पुढच्या मोठ्या बोल्टला लांब दांड्याचा, एकाच दिशेने पकडणारा रॅचेट पाना लावायचा आणि इंजिन हाताने दोनदा फिरवायचं. मग उघडी तोंडं चिंध्यांनी बंद करायची, नाहीतर उंदीर संसार थाटतात. मित्रमंडळी मदतीला येतात, आणि लुमिर एकच पालुपद लावून सगळ्यांना वैताग आणतो: "पाणी काढलंस का? नीट बघ, पाणी काढलंस का?" कारण इंजिनात थेंबभर पाणी राहिलं तरी आमच्याकडची थंडी ते गोठवते, आणि गोठलेलं पाणी ओतीव लोखंडालाही तडा पाडतं.

यंदा शेवटचा फिरवायचा दिवस. मी आदल्या रात्रीच खिमा-राजम्याची चिली शिजत टाकली होती, सकाळी दालचिनीचे रोल केले, आणि माझ्या आजीच्या पद्धतीने कोलाचे, म्हणजे खसखशीचं सारण भरलेले गोड पाव. ऑर्व्हल आणि चार-पाच गडी लवकरच आले. लुमिर कोठाराच्या मधोमध खुर्ची टाकून बसला, गुडघ्यांवर गोधडी, आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायला लागला.

"अरे, हळू! मुलीचा हात धरल्यासारखा धर पाना!"

"तुझं लग्न होऊन जमाना झाला," ऑर्व्हल म्हणाला. "तुला काय आठवतंय मुलीचा हात धरणं!"

"पाणी काढलंस का त्याचं?"

"काढलं रे बाबा! गेल्या वर्षी काढलं, त्याच्या आदल्या वर्षी काढलं. आता माझंच काढायचं राहिलंय."

मी कॉफीची किटली घेऊन गेले तेव्हा ऑर्व्हलने मला अडवलं. "लिबी, जन्मभर आम्हाला टोमणे मारलेस. एकदा फिरवून तरी बघ."

"माझा काय संबंध?"

"घाबरली," तो बाकीच्यांना म्हणाला.

मला घाबरली म्हटलेलं चालत नाही. किटली ठेवली आणि घेतला पाना हातात. लुमिर एकदम सावरून बसला. "जोर लावू नको, अंगाचा भार टाक. आणि कान दे. त्याचा श्वास ऐकू आला पाहिजे."

मी भार टाकला. आधी काही नाही, मग आत कुठेतरी जडसं काहीतरी सरकलं आणि प्लगच्या भोकातून 'हूऽऽ' करून तेलकट वारा माझ्या मनगटावर आला. खरोखर श्वास! दांडा परत मागे आणताना पाना कट-कट-कट वाजला, पुन्हा पुढे रेटला, पुन्हा हूऽऽ. इतकी वर्षं मी या धुडांना मेलेली समजत होते. खोटं कशाला बोलू, मला हसूच फुटलं. लुमिर माझ्याकडे असा बघत होता, जणू मी पहिल्यांदाच चालायला शिकलेय.

दुपारपर्यंत सगळी फिरून झाली. एकही जाम नव्हतं. उरला कोपरा. ऑर्व्हल त्या बाजूला वळला तसा लुमिर म्हणाला, "ते राहू दे. जेवायला जा तुम्ही."

यात नवल नव्हतं. दर वर्षी असंच चाले. सगळी मंडळी जेवायला घरात जायची, आणि हिरवं इंजिन लुमिर एकटा फिरवायचा. मी त्याला बोलवायला यायची तेव्हा कोठाराबाहेरूनच पान्याचा कट-कट आवाज ऐकू यायचा. "चल, निवतंय सगळं," असं मी दारातूनच ओरडायची. तो हात पुसत बाहेर यायचा. मी विचारायची, "कसं आहे माझं इंजिन?" तो म्हणायचा, "लोण्यासारखं फिरतंय."

मंडळी गेली. मी थांबले. लुमिर काठी टेकत कोपऱ्यापर्यंत गेला, डाव्या हाताने पाना उचलला, आणि तो त्याच्या हातून सुटून खणकन खाली पडला. पाठोपाठ तोही पडणार होता, मी दंडाला धरलं म्हणून वाचला.

"पुरे झालं. दे इकडे. मी फिरवते."

"तू नको!" तो ओरडला.

त्याच्या ओरडण्याची मला सवय आहे. पण हा आवाज वेगळा होता. झटका आला त्या सकाळीही त्याच्या चेहऱ्यावर एवढी भीती नव्हती.

"का नको? सकाळी फिरवलं की मी एक!"

"हे... हे वेगळं आहे. नाजूक आहे. राहू दे या वर्षी."

"न फिरवता ठेवायचं आणि गंजवायचं? तूच सांगतोस ना सगळ्या जगाला?" मी त्याची खुर्ची उचलून दाराशी उन्हात नेली, त्याला तिथे बसवलं, गोधडी पायांवर टाकली. "इथे गप बस. उठायचं नाही."

तो बसला, पाठ माझ्याकडे करून, मान खाली. मला वाटलं रागावलाय. रागावू दे, म्हटलं. राग सगळा त्याच्याच वाट्याला आलाय काय?

मी कोपऱ्यात आले. प्लग काढले, तेल सोडलं, पाना लावला, अंगाचा भार टाकला. काही हललं नाही. पुन्हा टाकला. दांड्यावर जवळजवळ लोंबकळले. डोंगराला ढकलल्यासारखं. प्लगच्या भोकावर तळवा धरला. वारा नाही, आवाज नाही. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून मी दांडा परत मागे आणला, आणि पाना वाजला, कट-कट-कट.

तो आवाज मला ओळखीचा होता. कोठाराबाहेर उभी राहून वर्षानुवर्षं मी तोच ऐकला होता. नुसता तोच. आता श्वास म्हणजे काय ते ठाऊक झाल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की या कोपऱ्यातून श्वासाचा आवाज मी कधीच ऐकलेला नाही. दांडा नुसता उलट्या बाजूने ओढायचा, पाना उचलायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा ओढायचा. इंजिन तसूभर हलत नाही, आणि बाहेरच्याला वाटतं काम चाललंय.

मी गुडघ्यांवर बसले आणि भिंतीकडच्या बाजूने हात घातला. हे एकच इंजिन भिंतीला खेटून ठेवलेलं होतं. बोटांना एक फुगीर रेघ लागली, लांबलचक, वरून जाड रंग थापलेला. नखाने खरवडलं तर हिरव्या पापुद्र्याखाली फट. अशी फट मी आमच्या अंगणातल्या नळाला पाहिली आहे, एका कडक हिवाळ्यानंतर. पाणी राहिलं की होते ती.

सांगायला लाज नाही वाटत, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने माझ्या तोंडाला पानं पुसली होती! जे इंजिन कधीही चालणार नाही त्याच्या नावाने हा मला इथे बांधून ठेवत होता, आणखी एका हिवाळ्यात, त्या बुजलेल्या रस्त्याच्या टोकाला. वर दर वर्षी 'लोण्यासारखं'! मी पाना हातात घेऊन उठले. खरं म्हणजे तो त्याच्या डोक्यात घालायलाच निघाले होते.

भिंतीवर 'लिबी' लिहिलं होतं. ताजा खडू. डाव्या हाताने गिरवलेली अक्षरं, पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी. ही कधी लिहिली याने?

आणि मग मला आठवलं. इंजिनात पाणी राहिलं कसं? लुमिरच्या इंजिनात? जो माणूस झोपेतसुद्धा "पाणी काढलं का" विचारतो, त्याच्या? हे पालुपद त्याला पहिल्यापासून नव्हतं. ते लागलं माझ्या आजारपणानंतर.

आमची मुलगी कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. असाच ऑक्टोबर. लुमिरने हे इंजिन पुरं केलं आणि एका संध्याकाळी अंगणात घोड्यावर ठेवून, पाणी भरून, मला बाहेर बोलावलं. "ऐक, तुझं इंजिन," म्हणाला आणि चालू केलं. त्याचा घोगरा, गुळण्या केल्यासारखा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी ओले हात ॲप्रनला पुसत त्या अंगणात नाचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात कोसळले. लिंकन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, पोटात गाठ निघाली, आणि मग सगळा हिवाळा तिथेच गेला. लुमिर माझ्या खाटेशेजारच्या खुर्चीत झोपायचा. जनावरं ऑर्व्हलने सांभाळली. इंजिन आत ढकलून ठेवायलाही ऑर्व्हलच आला असणार, पण त्याला काय माहीत त्यात पाणी आहे! बाकीची इंजिनं कोरडीच असतात.

त्या खाटेवर मी लुमिरला रोज विचारायची, "माझं इंजिन कसं आहे रे?" रंगांच्या पट्ट्या आणून त्यानेच माझ्या पांघरुणावर पसरल्या होत्या. मी चेरीचा रंग निवडला. डॉक्टर समोर काहीबाही बोलत असायचे, आणि मी मनात त्या गाडीत बसून कुठेतरी चाललेली असायची. त्या आवाजाला धरूनच मी त्या हिवाळ्यातून बाहेर आले. हे मी त्याला कितीदा सांगितलं असेल! वसंतात घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी तो कोठारातून परत आला, ताटावर बसला आणि जेवलाच नाही. मी विचारलं, "इंजिन ठीक आहे ना?" त्याने माझ्या टकलाकडे बघितलं. औषधांनी तेव्हा माझे सगळे केस गेले होते. आणि म्हणाला, "लोण्यासारखं."

मग पुढे काय सांगणार होता? कधी सांगणार होता? एकदा लोण्यासारखं म्हटलं की दर वर्षी म्हणावं लागतं. आणि आता ते कोपऱ्यातून हललं, चेनपुलीला टांगलं गेलं, की भिंतीकडची बाजू सगळ्यांसमोर येणार. माझ्यासमोर येणार. म्हणून हलायचं नाही. रोडस्टरबिडस्टर काही नाही. तो भीत होता बिचारा. त्याचा जीव धोक्यात घालून तो माझ्यापासून ती एक फट लपवत होता. मूर्ख! शंभर नंबरी मूर्ख! माझे डोळे भरून आले आणि समोरचा खडू दिसेनासा झाला.

"लिबी?" दारातून हाक आली. त्याने मान वळवली नव्हती. "फिरतंय का?"

ऑर्व्हल आणि मंडळी घरातून काहीतरी ओरडत होती, बहुधा रोल संपल्याचं. मी पाना बोल्टला लावला आणि दांडा उलट्या बाजूने ओढला. कट-कट-कट. पाना उचलला, पुन्हा लावला, पुन्हा ओढला. कट-कट-कट. दोन पूर्ण फेरे होतील इतका वेळ मी ते करत राहिले. मग मोठ्याने म्हटलं, "लोण्यासारखं!"

मी प्लग परत बसवले, चिंध्या कोंबल्या, हात पुसले. श्वास नसलेली कटकट त्याच्याहून जास्त कोण ओळखणार? पण कदाचित त्याच्या कानांनाही ते खरं वाटलं असेल. मला ते कळायला मार्ग नव्हता, आणि मी विचारणारही नव्हते. अळीमिळी गुपचिळी.

त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. समोर कापलेल्या मक्याची खुंटं होती, आणि त्यापलीकडे आमचा रस्ता.

तो म्हणाला, "त्या गावातल्या घराच्या गॅरेजला दार केवढं आहे?"

"एक गाडी जाईल एवढं."

"मग इंजिन जाईल."

"न जायला काय झालं? तिथलं कपडे धुवायचं यंत्र मागच्या ओसरीत ठेवीन."

"ओसरीत थंडी असते. त्याचं पाणी काढावं लागेल."

"काढीन," मी म्हटलं, आणि आम्ही जेवायला गेलो.

पुढच्या आठवड्यात सगळी इंजिनं गेली. ट्रेलर येत होते, भिंतीवरची एकेक गाडी ऑर्व्हल ओल्या फडक्याने पुसून टाकत होता. शेवटी कोपरा. चेनपुली लावली, साखळी ताणली, आणि हिरवं इंजिन घोड्यावरून उचललं गेलं. टांगलेली वस्तू गिरकी घेतेच. ते हळूहळू फिरायला लागलं, भिंतीकडची बाजू पुढे यायला लागली. ऑर्व्हल साखळीशी होता, बाकी दोघे ट्रेलरपाशी, सगळ्यांची तोंडं इकडेच. लुमिर खुर्चीत पांढराफटक पडला.

मी त्याच्या गुडघ्यांवरची गोधडी ओढली, पुढे झाले आणि इंजिनावर टाकली. नीट गुंडाळली, खाली गाठ मारली.

ऑर्व्हल बघतच राहिला. "काय गं लिबी, इंजिनाला गोधडी? त्यापेक्षा टोपडं घाल की."

"माझं इंजिन आहे. तुला काय करायचंय?"

"अगं, पण लोखंड आहे ते!"

"असू दे," मी म्हटलं. "थंडी बाधते त्याला."

ऑर्व्हलने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग लुमिरकडे पाहिलं, आणि फटकळ असूनही तोंड मिटलं. साखळी पुढे सरकवून त्याने ओझं ट्रेलरवर अलगद उतरवलं. बाकीच्या दोघांना म्हणाला, "चला रे, दोर आणू," आणि त्यांना घेऊन बाहेर गेला. दोर ट्रेलरवरच पडलेला होता.

लुमिर काठी टेकत टेकत ट्रेलरपर्यंत आला. गोधडीचं एक टोक सुटून लोंबत होतं. डाव्या हाताने त्याने ते आत खोचायचा प्रयत्न केला. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा जमलं. हात त्याने तिथून काढला नाही.

"पाणी काढायचं राहिलं होतं, लिबी," तो म्हणाला. "त्या सकाळी तुला घेऊन निघालो, आणि राहिलं."

"बरं झालं राहिलं," मी म्हटलं. "पाणी काढत बसला असतास, तर मी राहिले नसते."

त्याचा चेहरा वाकडा झाला. झटक्यानंतर त्याचं रडणं अर्ध्याच चेहऱ्यावर येतं, म्हणून मी त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि दंडाला धरून त्याला गाडीत बसवलं. बाहेर वारा सुटला होता. ऑर्व्हल लांबून ओरडला, "झालं का तुमचं? दोर मिळाला!"